पहिला काप

पारस बाफना दहाला दहा मिनिटं कमी असतानाच पोचला आणि कालव्यावरच्या छोट्या पुलाशी सायकल टेकवून उभा राहिला. सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

"तो तिथेच का थांबलाय?"

"दहा वाजायची वाट बघत असेल, आई," आनमी म्हणाली.

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. ऑक्टोबरचा वारा त्याची टोपी उडवायला बघत होता आणि तो एका हाताने टोपी, दुसऱ्या हाताने फुलांचा पुडा सांभाळत होता.

"कॉफी दहालाच असते," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं."

आनमीला हायसं वाटलं. गेले दोन आठवडे ती या शनिवारच्या धास्तीत होती. सासूबाईंचे दोन्ही हात मनगटापासून दुखू लागले होते आणि यंदाच्या हिवाळ्यात त्यांना चीज बनवायच्या टबाशी उभं राहता येणार नव्हतं. धाकट्या दिराने, कोरने, तोडगा आधीच काढून ठेवला होता: जानेवारीपासून सगळं दूध टँकरमधून कारखान्याला जाईल आणि चीजच्या कोठीत सुट्टीवर येणाऱ्यांसाठी दोन खोल्या निघतील. कारखान्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि आनमीच्या मुलीला, मिर्तेला, तो टब स्वतःला हवा होता.

टब आणि कोठी सासूबाईंच्या नावावर होती. त्यांनी मिर्तेला एवढंच सांगितलं होतं, "तुझ्याबरोबर जो उभा राहणार आहे त्याला एकदा जेवायला आण. मग बघू."

टब मिळाला नाही तर काय होणार, हे आनमीला ठाऊक होतं. पारस डेल्फ्टला भूजलाची मोजमापं करायचा आणि त्याला कॅनडातून बोलावणं आलेलं होतं. मिर्ते त्याच्याबरोबर जाईल. आनमीचा थोरला, थाइस, न्यूझीलंडला एका वर्षासाठी म्हणून गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. दुसरं मूलही फोनच्या पडद्यावर बघत राहण्याची तिची तयारी नव्हती.

म्हणूनच ती खोटं बोलली होती.

झालं होतं असं. मिर्तेने सांगितलं, पारस जैन आहे, मांस-अंडी खात नाही. तेवढ्याने काही अडत नव्हतं. पण तो या घरचं चीजही खाणार नव्हता, कारण दूध घट्ट करायला लागणारं रेनेट वासराच्या पोटातून येतं. "ओमाला मी स्वतः सांगते," असं मिर्ते आजीबद्दल म्हणाली होती. "नको, मी सांगते, मला त्यांची वेळ कळते," असं म्हणून आनमीने ते काम स्वतःकडे घेतलं. आणि एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता सासूबाईंना सांगून टाकलं की त्या मुलाला दूध पचत नाही, पोट बिघडतं, त्यामुळे तो चीज खाणार नाही. सासूबाई "अरेरे" म्हणाल्या होत्या. पोटाच्या तक्रारीबद्दल त्यांना सहानुभूती होती. त्यांच्या चीजला कोणी मनापासून नको म्हणणं ही गोष्ट निराळी होती.

एकतीस वर्षं आनमी हेच करत आली होती. कोणाचं कोणाला सांगायचं, किती सांगायचं, कोणता शब्द गाळायचा. ती दक्षिणेकडची, लिम्बर्गची, कॅथलिक घरातली. हे घर कट्टर प्रोटेस्टंट; इथे जेवणानंतर बायबल वाचतात आणि रविवारी शिवणाची सुईसुद्धा हातात घेत नाहीत. पहिल्यांदा ती या टेबलाशी बसली तेव्हा सासूबाईंनी जुन्या चीजचा पहिला काप तिच्या ताटलीत ठेवला होता. नवीन माणसाला पहिला काप, ही इथली रीत. तोंडात टाकल्याबरोबर तिला आंबूस, काहीसा साबणासारखा वास आला होता. "फार छान आहे," ती म्हणाली होती आणि आणखी एक काप मागून घेतला होता. पुढे कधी या घरच्या चीजला तशी चव लागली नाही. त्या दिवशी घाबरून जिभेलाच काहीतरी झालं असावं, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

टब मात्र तिच्या वाट्याला कधी आला नाही. गाई झाल्या, बाग झाली, हिशेबाच्या वह्या झाल्या. कोठीची किल्ली सासूबाईंच्या एप्रनच्या खिशातच राहिली. कॅथलिक सुनेच्या हाती किल्ली जाणार नाही, हे आनमी न विचारताच समजली होती.

दहाच्या ठोक्याला दार वाजलं.

---

कॉफीबरोबर लवंग-दालचिनीची बिस्किटं होती. सासूबाईंनी डबा सगळ्यांपुढे एकदा फिरवला आणि झाकण लावलं. पारसने एकच घेतलं. इथे सहा वर्षं राहिल्यावर त्याला एवढं माहीत असणारच.

"दूध?" सासूबाईंनी विचारलं आणि स्वतःच म्हणाल्या, "अरे हो, तुला नको ना."

"नको कसं, चालेल की!" पारस म्हणाला. "जरा जास्तच घाला. आमच्याकडे अर्धा कप दूधच असतं."

आनमीचा चमचा बशीवर आपटला.

सासूबाईंनी त्याच्या कपात दूध ओतलं. ओतताना त्यांची नजर कपावर नव्हती, आनमीवर होती. आनमीच्या तेव्हा लक्षात आलं की सासूबाईंना सांगितलेली गोष्ट तिने मिर्तेला सांगितली नव्हती, पारसलाही नाही. तिला वाटलं होतं, एक जेवण आहे, निघून जाईल.

आरी, तिचा नवरा, एरवी पाहुण्यांसमोर हवामानाशिवाय बोलत नाही. पण पारसने मागच्या शेताच्या चरातलं पाणी गेल्या आठवड्यात किती खाली गेलं होतं असं विचारलं आणि आरी खुलला.

"तीस सेंटिमीटर. पाणी बोर्डाचे लोक म्हणतात वीस."

"वीस नसणार," पारस म्हणाला. "मघाशी पुलावरून बघत होतो. खांबावरची शेवाळाची रेघ बरीच वर राहिलीय."

"हेच सांगतोय मी त्यांना जूनपासून!"

दोघं चर बघायला बाहेर पडले. मिर्ते त्यांच्यामागे निघाली होती, आनमीने तिला गाजरं ठेचायच्या निमित्ताने मागच्या मोरीत ओढलं.

"अगं ऐक—"

"ममा, मला खरंच वाटलं नव्हतं," मिर्ते म्हणाली. तिचे गाल वाऱ्याने लाल झाले होते. "वासराचं ऐकून ओमा गप्प बसेल असं. मी त्याला म्हटलं होतं, आज तुझी खैर नाही. आणि ती बघ कशी वागतेय! काय सांगितलंस तू तिला?"

आनमीने मोठ्या पातेल्यात ठेचणी घातली. "जमलं तसं सांगितलं."

"तुला जमतं हे. मी असते तर भांडण झालं असतं."

आता सांगावं, असं आनमीच्या मनात आलं. तोंडही उघडलं. तेवढ्यात अंगणात कोरची गाडी थांबली, दार आपटलं आणि तो बूट न काढताच मोरीत आला.

"काय शिजतंय? आणि राजपुत्र आला का? हत्ती कुठे बांधलाय?"

"सायकलवरून आलाय," मिर्ते म्हणाली. "बूट काढ, काका."

---

बरोबर बारा वाजता सगळे टेबलाशी बसले. आरीने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मध्ये मोठ्या पातेल्यात हुत्सपॉट होतं: बटाटे, गाजरं आणि कांदे एकत्र उकडून ठेचलेले. बाकीच्यांसाठी वेगळ्या ताटलीत सॉसेज. पारससाठी आनमीने नुसत्या लोण्याचा, तपकिरी होईतो कढवलेला रस्सा केला होता. प्रत्येकाने आपल्या ढिगात चमच्याने आळं केलं आणि त्यात रस्सा ओतला. पारसनेही केलं.

मग तो ताटाकडे बघून हसला.

"काय झालं?" कोर म्हणाला. "चुकून सॉसेज आलं का?"

"नाही. आमची आजी जमिनीखाली वाढलेलं काही खात नाही. उपटताना मातीतले जीव मरतात म्हणून. बटाटा नाही, गाजर नाही, कांदा नाही. तिने हे ताट पाहिलं असतं तर..." त्याने काट्याने तिन्ही दाखवले. "एकही गोष्ट वाचली नसती."

आनमीच्या हातातला डाव तसाच राहिला. "अरे देवा! मिर्ते, तू बोलली का नाहीस?"

"तो खातो, ममा. आजी खात नाही."

"पहिल्या हिवाळ्यात बटाट्याशी तह केला," पारस म्हणाला. "दुसऱ्या वर्षी कांद्याशी. गाजर त्यांच्यामागून आपोआप आलं." आणि त्याने मोठा घास घेतला. "छान झालंय. गाजर एवढं गोड कसं?"

"चिकणमातीतलं आहे," आरी म्हणाला. "आपल्या दलदलीत असं येत नाही."

"मग तुझी आजी जगते कशावर?" कोरने विचारलं.

"एक्क्याण्णव वर्षांची आहे. तेव्हा कशावर तरी जगत असणार."

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्या एक्क्याऐंशीच्या होत्या.

सॉसेजची ताटली दोनदा फिरली. कोरने कारखान्याचा विषय काढला: टँकर दर तिसऱ्या दिवशी येईल, पहाटे पाचला उठायचं कारण नाही, आईने आता खुर्चीत बसून ऊब घ्यावी. आरीने मान हलवली; ती होकाराची होती की नुसती हलली, ते त्यालाच माहीत. मिर्ते म्हणाली, "पाचला मी उठते, काका. तू नाही उठत." कोर म्हणाला, "आज उठतेस. कॅनडात कोण उठणार?"

आनमीने उठून गोड आणलं. शनिवारी या घरात ताकात शिजवलेल्या बार्लीची पेज असते, वरून काकवी. ती सगळ्यांपुढे वाडगे ठेवत गेली आणि पारसपुढे ठेवताना तिच्या लक्षात आलं, ताक म्हणजेही दूधच. पण वाडगा खाली टेकला होता.

पारसने एक चमचा खाल्ला, मग भराभर वाडगा संपवला. "आमच्याकडे अशीच राब असते. ताक आणि बाजरी. काकवी मात्र नसते. आणखी मिळेल?"

"मिळेल ना," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः वाढलं. काठोकाठ. मग त्या हाताची घडी घालून त्याचं खाणं बघत बसल्या, एखादी गाय विण्याआधी तिच्याकडे बघत बसतात तशा.

जेवण झाल्यावर त्यांनी बायबलमधला एक उतारा वाचला. हळू, एकसुरी. त्या उठल्या, कपाटातून लाकडी पाट काढला. त्यावर काळपट सालीचं, पिवळंजर्द चीज होतं. त्यांनी चीज कापायच्या धारदार पट्टीने एक लांब, सलग काप काढला. मनगट दुखत असावं, कारण मध्येच एकदा थांबल्या. काप पारसच्या ताटलीत ठेवला.

"दोन वर्षांचं आहे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम ठेवलं होतं. दुधात जी साखर असते, जी तुझ्या पोटाला बाधते, ती चीजमध्ये पहिल्या महिन्यातच संपते. यात कणभरही उरलेली नाही. तेव्हा भिऊ नकोस."

पारसने काट्याला हात लावला नाही. "माझ्या पोटाला?"

"दूध पचत नाही ना तुला?"

"मला?" त्याने मिर्तेकडे पाहिलं. मिर्तेने आनमीकडे पाहिलं. आनमी टेबलक्लॉथच्या चौकटींकडे बघत होती.

"म्हणजे कॉफीतलं दूध पचतं," सासूबाई म्हणाल्या, "दोन वाडगे ताक पचतं. आणि ज्यात साखर उरलेलीच नाही तेवढंच पचत नाही. अठ्ठावन्न वर्षं मी दुधाचं काम करतेय. असला आजार ऐकला नाही कधी."

कोर मोठ्याने हसला.

"ममा?" मिर्ते म्हणाली. "तू काय सांगितलंस ओमाला?"

"मला वाटलं..." आनमी म्हणाली. "आई, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. त्याला दूध चालतं. त्याला रेनेट चालत नाही. वासराचं."

मिर्तेचा चेहरा बघवत नव्हता. मुलीला राग आला असता तर परवडलं असतं. ती नुसती बघत होती, जणू गेल्या अठ्ठावीस वर्षांत आईने सांगितलेल्या गोष्टी एकेक करून तपासत होती.

"चला, प्रश्नच मिटला," कोर म्हणाला. "जो चीज खात नाही तो चीजच्या टबाशी उभा राहणार! आई, सोमवारी मी फोन करतो."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या पारसकडे वळल्या. "वासरू रेनेटसाठी मारत नाहीत. मांसासाठी मारलेलं असतं. पोट वाया जाऊ नये म्हणून वापरतात."

"माहीत आहे. मिर्तेने सगळं दाखवलंय."

"तरी?"

"तरी."

"बटाट्याशी तह केलास. मग याच्याशी का नाही?"

पारसने ताटली थोडी पुढे सरकवली, काप मोडणार नाही अशी. "दोनदा हललो," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा हललो तर चौथ्यांदा कुठे थांबायचं ते मला कळणार नाही. तुम्ही हे ठेवून दिलं होतंत, मला फार वाईट वाटतंय. पण मी खाणार नाही."

आता संपलं, आनमीला वाटलं. कॅनडा.

सासूबाईंनी तो काप उचलला आणि स्वतः खाल्ला. सावकाश, शेवटपर्यंत. मग एप्रनच्या खिशातून किल्ली काढली.

"सगळे चला."

---

कोठीत नेहमीसारखी थंडी होती. दोन्ही बाजूंना फळ्यांवर चीजची मोठी गोल चाकं रांगेने बसलेली, प्रत्येकाच्या सालीवर तारीख. एकतीस वर्षं आनमी इथे फक्त बादल्या पोचवायला आणि फरशी धुवायला येत आली होती.

सासूबाई अगदी आतल्या टोकाला, खालच्या फळीशी गेल्या. तिथे सहा चाकं वेगळी होती.

मिर्तेने श्वास रोखल्याचं आनमीला ऐकू आलं.

"गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी खुब्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे हॉस्पिटलात होते," सासूबाई म्हणाल्या. "परत आले तर बेसिनखाली एक लहान बाटली. रेनेट. वर लिहिलेलं, बुरशीपासून. मी म्हटलं, आपल्या घरात हे कोणी आणलं?"

"मी आणलं. ही सहा चाकं त्याचीच," मिर्ते म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सांगणार होते, ओमा."

"तेरा महिने सांगणार होतीस."

"तुला कळलं होतं, तर तू का नाही बोललीस?"

"मी बघत होते कधी बोलतेस ते. आणि चाकांचा काय दोष? ती तर रोज उलथावीच लागतात. उलथली मी." त्यांनी एक चाक पुढे ओढायचा प्रयत्न केला, मनगटाने दगा दिला, तेव्हा आरीने ते उचलून मधल्या टेबलावर ठेवलं. त्यांनी बोटाच्या पेराने ते ठोकून ऐकलं. "बुरशीचं रेनेट मी सत्तरच्या दशकात वापरून पाहिलंय. सहा महिन्यांत चांगलं लागतं. वर्षानंतर कडू होतं. म्हणून सोडलं. आता हे तेरा महिन्यांचं आहे. कडू असेल तर विषय संपला, माझ्या नावाने कडू चीज विकलं जाणार नाही. टँकर येऊ दे."

त्यांनी पोकळ सळई चाकात घुसवली, फिरवली आणि बाहेर काढली. सळईच्या पन्हळीत चीजची बारीक कांडी आली. सालीकडचं टोक त्यांनी बाजूला ठेवलं. उरलेल्याचे सुरीने तुकडे केले.

पहिला तुकडा त्यांनी पारसला दिला. "हे तर चालेल?"

"हे चालेल."

"तू आधी खा, पण उत्तर शेवटी दे."

मग बाकीच्यांना दिले, स्वतः एक घेतला. सगळे उभ्या उभ्या चावत राहिले. आनमीने तुकडा जिभेवर धरला. आधी लोणी, मग काजूसारखं काहीतरी, मग मीठ. छान होतं. मिर्तेचं चांगलं झालंय, तिच्या मनात आलं, आणि तिने गिळलं.

"कोर?"

"कडू," कोर म्हणाला. "मी आधीच सांगितलं असतं."

"आरी?"

आरीने मान खाजवली. "मला सर्दी आहे, आई. मला आज कॉफीसुद्धा कळली नाही."

"आनमी?"

त्याच क्षणी ते आलं होतं. जिभेच्या मागच्या बाजूला, घशापाशी. मिर्ते तिच्याकडे बघत होती.

"छान आहे, आई," आनमी म्हणाली. "कडू अजिबात नाही."

"मिर्ते?"

"मला कळत नाही. मला ते कडू नसावं असं इतकं वाटतंय की मला खरंच कळत नाही."

"आणि तू?"

पारस अजून खालीच बघत होता. त्याने गिळलेलं होतं, पण तो थांबला होता, तराजूच्या काट्याचं हलणं थांबायची वाट बघावी तसा. आनमीला त्याचा दंड धरावासा वाटला. अरे, एकच शब्द. नाही म्हण. ते कॅनडाचं पत्र, ही मुलगी, हे सगळं एका शब्दावर आहे.

"कडवट आहे," तो म्हणाला.

"पारस!" मिर्ते म्हणाली.

"आहे, मिर्ते. आधी येत नाही. गिळल्यावर येतं. पाच-सहा सेकंदांनी, इथे मागे. मग बराच वेळ राहतं."

"मला चारला येतं," सासूबाई म्हणाल्या.

"मी मोजायला उशिरा लागलो असेन."

"असेल." त्यांनी सळई फडक्याने पुसली. "बरं. आहे ते असं आहे."

"म्हणजे झालं तर," कोर म्हणाला. "सोमवारी—"

"सोमवारी तू फोन कर आणि त्यांना सांग, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा."

"पण आई, कडू आहे! तूच म्हणालीस, विषय संपला!"

"म्हणाले मी. तुझं मी धरत नाही, तू न खाताही कडूच म्हणाला असतास. मला वाटलं होतं सगळे गोड बोलतील आणि मला एकटीला कडू लागेल. तसं झालं असतं तर खरंच संपला असता." त्या मिर्तेकडे वळल्या. "माझ्या पहिल्या तीन वर्षांचं चीज डुकरांनी खाल्लं. कडू झालं ही काही मोठी गोष्ट नाही. रेनेटचे थेंब कमी कर, मीठ बदल, निवळी जास्त काढ. का होतंय ते शोध. मोठा टब वासराच्या रेनेटचा, जसा आहे तसा. छोटा तुझा. सोमवारी पहाटे पाच. मी खुर्ची घेऊन बसेन आणि ओरडेन."

मिर्तेने मान डोलावली.

"आणि तू दर शनिवारी येऊन चव घे," त्या पारसला म्हणाल्या. "छान आहे असं म्हणायची गरज नाही. कॅनडातून येणं जमणार नाही, ते तू बघ."

"डेल्फ्टहून सव्वा तास लागतो," पारस म्हणाला. "जमेल."

कोर काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. आरी त्याच्यामागे समजूत घालायला गेला. मिर्तेने पारसच्या पाठीत एक गुद्दा मारला, चांगला जोरात, आणि मग त्याची बाही धरूनच ती दोघं अंगणात गेली. बाहेरून तिचं बोलणं ऐकू येत राहिलं: "सहा सेकंद म्हणे! दोन सेकंद गप्प बसला असतास तर!"

कोठीत दोघीच उरल्या. आनमी फरशीवर सांडलेले कण उचलू लागली.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "मलाही कडू लागलं."

"माहीत आहे."

"मला वाटलं, मिर्तेसाठी..."

"माहीत आहे म्हटलं ना." सासूबाई टेबलाला टेकल्या. "तू या घरात आलीस त्या दिवशी मी तुला पहिला काप दिला होता. आठवतो?"

आनमीने हातातले कण मुठीत धरले.

"ते चाक बिघडलेलं होतं. आतून फुगलं होतं. मला कापल्यावर वासाने कळलं, पण तोवर तुझ्या ताटलीत ठेवून झालं होतं. म्हटलं, आता ही तोंड वाकडं करेल, मग आपण हसू आणि दुसरं काढू. तू म्हणालीस, फार छान. आणि आणखी एक मागितलास."

"तुम्ही मला थांबवलं नाहीत."

"नाही थांबवलं. ते माझं चुकलं. पण तू आरीसाठी तसले दोन काप खाऊ शकतेस, एवढं मला त्या दिवशी कळलं. मुलाच्या दृष्टीने बरंच होतं ते." त्यांनी खिशातली किल्ली चाचपली. "टबाच्या दृष्टीने नव्हतं."

एकतीस वर्षांचं एक कारण आनमीने मनात नीट घडी घालून ठेवलं होतं. त्या कारणासाठी ती दर ईस्टरला माहेरच्या चर्चमध्ये थोडी जास्त वेळ बसत आली होती.

"मला वाटायचं, मी कॅथलिक म्हणून," ती म्हणाली.

"कॅथलिक?" सासूबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "दुधाला त्याचं काय?"

बाहेर सायकलची घंटा वाजली, कोणीतरी हसलं. टेबलावर कांडीचा एक तुकडा उरला होता. आनमीने तो उचलून तोंडात टाकला. लोणी, काजू, मीठ. तिने गिळलं आणि मोजायला लागली.

"चार," ती म्हणाली. "चारलाच येतं."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सालीकडचं टोक चाकाच्या भोकात परत बसवलं, पण अंगठ्यात जोर नव्हता, ते वर येऊ लागलं. आनमीने हात पुढे केला. सासूबाईंनी आपला बाजूला घेतला. आनमीने अंगठ्याने ते दाबून सपाट केलं, कडेने चीज सारवून फट बुजवली, आणि चाक दोन्ही हातांनी उचलून खालच्या फळीवर ठेवलं, दुसरी बाजू वर करून.